वाफेच्या कुकरचा पहिला दिवस

परळ, मंगळवार, रात्री

सूनबाई काल कामावरून आली आणि उभ्यानंच चहात पाव बुडवून जेवण उरकलं. इस्पितळात दिवसभर आजाऱ्यांना पथ्य सांगते आणि स्वतः पाव. तेही उभ्यानं. मग म्हणाली, "अप्पा, घर आणि नोकरी दोन्ही मला जमत नाही. शनिवारी राजीनामा देते." मुलगा खाली मान घालून मोर्च्याचे फलक रंगवत राहिला.

मी तरी कुठवर बघत बसू? माझ्या बायकोनं तिच्या वेळी हौसेनं घेतलेला वाफेचा कुकर आज माळ्यावरून काढला. तळाशी निखारे, वर एकावर एक डबे. तांदूळ, मूगडाळीत पालक, दुधी. झाकण लावलं की ढवळणं नाही, राखण नाही. परवा शाळेतली कविता म्हणता म्हणता मी भाकरी करपवली, असल्या माणसाला हेच बरं.

मुलगा हसला. "अप्पा, आज कोणती कविता शिजतेय?"

"तू तुझे फलक रंगव," म्हटलं.

वाफ सुटली तसं एक जुनं वृत्त मनात सुरू झालंच, पण काही करपलं नाही. मीठ कमी पडलं, पालक जरा जास्त शिजला. सूनबाई मात्र पाटावर बसून जेवली. किती दिवसांनी, कोण जाणे.

ताट उचलताना म्हणाली, "उद्या डाळीत लसूण घाला, अप्पा. आणि परवापासून दुपारची पाळी आहे, डबा द्याल?"

"देईन." राजीनाम्याचं मी विचारलं नाही. पाठ दुखतेय, पण परवाची मटकी भिजत घालूनच निजणार.