फिश टँकमधले जंत आणि बँकेचे डबे

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण, तुमचा गुडघा जिना चढू देतो का आणि नवी कवळी नीट बसली का, हे विचारणं. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. (पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचा.)

गेल्या खेपेला माझं ब्लडप्रेशर ऐकून तुम्ही फिश टँक आणि तीन सोनेरी मासे भेट दिलेत. रोज यांच्याकडे बघत बस, खाणं चिमूटभर घाल, डोकं शांत राहील, म्हणालात. तुमची उभी हयात आरोग्य खात्यात निरीक्षकीत गेलेली, तेव्हा तुमच्या शब्दाबाहेर जायची माझी काय छाती! पण मामा, चिमूट कोणाची, हे तुम्ही सांगितलं नाहीत. माझी बोटं तुम्हाला ठाऊक आहेत. त्यात हे मासे काचेला तोंड लावून असा आ वासतात, की बघणाऱ्याला वाटावं, बिचारे आठवडाभर उपाशी आहेत. मी सकाळी घालायचो, दुकानातून आलो की घालायचो, आणि दुपारचं राहून गेलं म्हणून वर आणखी घालायचो. (बायको जेवणाचे डबे पुरवते. अशा घरात कोणी उपाशी राहणं शोभत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.)

मग एके दिवशी काचेवर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे दिसले. ते वळवळत होते. आता माझा धंदा चष्म्यांचा, त्यामुळे आधी वाटलं, आपलाच नंबर वाढला. चष्मा पुसला, दुसरा लावला, शेवटी दुकानात स्वतःलाच खुर्चीत बसवून स्वतःचे डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली, खूश झालो, आणि मग आठवलं की ती ओळ मला कित्येक वर्षं पाठ आहे. अखेर दुकानातलं मोठं भिंग घरी आणून काचेला लावलं. लावायला नको होतं. मी जी बोंब ठोकली ती ऐकून बायको हातातल्या झाऱ्यासकट धावत आली, भिंगातून एकदा बघितलं, मग एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेली.

मी कंबर कसली. टँकमधले दगडगोटे काढून उकळावेत असं मनाने घेतलं. विचार उत्तम होता, पण हाताला लागलेलं पातेलं डब्यांची भाजी शिजवायचं निघालं. ते बायकोने दाराबाहेर नेऊन ठेवलं. आता त्यात आम्ही छत्र्या ठेवतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? मी औषधाच्या दुकानात गेलो. घरी जंत झालेत, औषध द्या, म्हटलं. (किडे म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मला नेमका शब्द वापरायची हौस.) किती जणांना, त्याने विचारलं. तिघांना, म्हटलं. लहान की मोठे? लहानच, पण सारखी खा-खा. वजन? मुठीत मावतील एवढे आहेत म्हटल्यावर त्याने चष्मा वर सरकवून माझ्याकडे रोखून बघितलं. (चष्मा माझ्याच दुकानातला. चांगला बसलाय.) घाबरू नका, ते सारखे पाण्यातच असतात, असा मी त्याला धीर दिला. त्यावर तो साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असा म्हणाला, "अहो, अख्ख्या घराने घ्या! आणि स्वयंपाक करणाऱ्याने सगळ्यात आधी!"

माझ्यामागे कोण उभं असावं? बँकेतले हेडक्लार्क. रोज आमचा डबा खाणारे. मी वळून हसलो. ते हसले नाहीत. "अहो, माशांना, माशांना!" असं मी म्हणेपर्यंत ते पायरी उतरून गेलेसुद्धा.

आणि दोनच दिवसांनी बँकेचे सगळे डबे बंद झाले. मामा, तिचा निम्मा धंदा त्या बँकेवर होता. एका शेजाऱ्याच्या डब्यापासून तिने तो वाढवला, बँकेत स्वतः जाऊन बोलून गिऱ्हाईक मिळवलं, आणि मी एका शब्दात सगळं बुडवलं. मला फार वाईट वाटतं हो. तिने मला जाब विचारला असता तर बरं झालं असतं. पण ती बोलतच नाही. माझ्याकडे बघते, तोंडाला पदर लावते आणि लगबगीने आत जाते. (रडत असणार.) म्हणून मी प्रायश्चित्त घेतलंय. दुकान उघडण्याआधी भाजी चिरतो, परत आलो की उरलेले डबे घासतो. डोळ्यांचा माणूस म्हणून कांदा मुद्दाम माझ्याकडे ठेवलाय.

जंतांचं म्हणाल तर ते गेले. बायकोने न बोलता खाण्याचा डबा फळीवर वर ठेवून दिला आणि रोज तिच्या बोटांची एकच चिमूट घालायला लागली. मी नळीने तळाचा गाळ ओढून काढला, निम्मं पाणी बदललं. उष्टं खाणं पाण्यात राहीना, आणि उरलेले जंत भुकेल्या माशांनीच मटकावले. (नळी ओढताना एक घोट माझ्या पोटात गेला. त्यामुळे आणलेलं औषध वाया गेलं नाही.)

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक (चिमूट सोडून)
भाचा

ता. क. : खरं म्हणजे एक काम होतं. तुमच्या नुसत्या नजरेने भल्याभल्या हॉटेलवाल्यांची पाचावर धारण बसायची, हे बँकेतल्या जुन्या मंडळींना अजून आठवतं. तेव्हा चार दिवस राहायलाच या. दुपारच्या सुट्टीत बँकेसमोरच्या बाकावर बसून आमचा डबा शेवटच्या घासापर्यंत खा, आणि हेडक्लार्कच्या टेबलापर्यंत पोचेल असा ढेकर द्या. कवळीचं मात्र आधी बघा.

मामा, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. बँकेने वरच्या मजल्यावर स्वतःचं कँटीन काढलंय. डबे बंद होणार, हे हेडक्लार्कनी मला टँकमध्ये जंत दिसायच्या आधीच सांगितलं होतं. डबे थांबले त्या दिवशी मी यांना सांगणारच होते, पण हे तोंड पाडून आले आणि आपण होऊन भांडी घासायला बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच बघितलं. तोंड उघडलं की हसू फुटेल म्हणून मी गप्प आहे. तुम्ही जरूर या, हवं तर बाकावरही बसा, पण कँटीनचं यांच्या कानावर घालू नका. पहिल्या तारखेपासून शाळेतल्या शिक्षकांचे डबे सुरू होतायत. भांडी वाढणार आहेत.