मुटका, रोजा आणि बब्रुवानचं तोंड

वाशी, सव्विसावा रोजा, ऐन वैशाख.

तीर्थरूप हनीफमामू यांच्या सेवेशी भाचा जैनोद्दीन याचा सलाम, आणि खाली मान घालून लिहिणाऱ्याचा साष्टांग नमस्कार. इकडं सगळं खुशाल आहे, म्हणजे तुमची बहीण खुशाल आहे, शेळी काल व्याली ती खुशाल आहे, मी तेवढा नुसता जिवंत आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? एरंडाचं पान तापवून बांधत जा, असा अम्मीचा निरोप. तुमच्या ढोकीला ऊन कमी असंल असंही ती म्हणते, पण तिला माहेरचं ऊनसुद्धा थंडच लागतं.

पत्र मराठीत बघून दचकू नका. मी शिकलो निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी बोलायला सांगा, दिवसभर बोलतो, पण लिहायला बसलो की अक्षरं उलट्या बाजूनं चालत येतात. तुम्हाला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि पत्र वाचून दाखवणारे शरणप्पा मास्तर उर्दू वाचत नाहीत. (मास्तर, नमस्कार. सावकाश वाचा.) म्हणून मी सांगतो आणि बब्रुवान लिहितो. बब्रुवान म्हणजे तोच, ज्याची ओढ्याकाठी मोठी विहीर आहे आणि जो दर ईदला आमच्या घरात शिरखुर्म्याची पहिली वाटी माझ्याही आधी संपवतो. अकरा वर्षांची दोस्ती. त्याच्याशी माझं गेले सहा दिवस बोलणं बंद आहे. तुम्ही म्हणाल, मग मजकूर सांगतोस कसा? मी शिलाईच्या मशीनकडं तोंड करून सांगतो. त्याला काही विचारायचं झालं तर तो मापाच्या टेपला विचारतो. ईद चार दिवसांवर आली आणि आमच्यात हे असं. अम्मी म्हणते, बब्रुवान येणार नसंल तर मी शेवया भाजणारच न्हाय. जीव टांगणीला लागलाय, मामू. (माझा बी. — ब.)

आता मूळ सांगतो. दुकान माझं पोट आणि पोहणं माझा जीव, हे तुम्हाला ठाऊक आहे (लहानपणी विहिरीतून कान धरून तुम्हीच बाहेर काढायचात). यंदा रमजान असा आला की एका अंगानं ईदचे कपडे, दुसऱ्या अंगानं लगीनसराई आणि तिसऱ्या अंगानं बब्रुवानच्या विहिरीचं गार पाणी. त्यात शिंप्याची एक अडचण असते जी दुसऱ्या कुणाला कळायची नाही. सुईत दोरा ओवायचा तर टोक जिभेवर ओलं करून पीळ द्यावा लागतो, आणि दोऱ्याला खळ असते. दिवसाला शंभर वेळा खळ चाखायची आणि वर रोजा आहे म्हणायचं, हे माझ्या मनाला पटेना. वाटीत पाणी ठेव, असं सगळ्यांनी सुचवलं. सुचवणाऱ्यांनी वैशाखात उपाशीतापाशी पाण्याच्या भरल्या वाटीसमोर सकाळपासून बसून बघावं. मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी ती वाटी माझ्याशी बोलायला लागली. तेव्हा बब्रुवान म्हणाला, रानात सध्या कामं न्हायत, मी दोरे ओले करून देतो. आणि खरंच रोज येऊन खांबाला टेकून बसायचा, दोरे ओवून सुया ओळीनं टोचून ठेवायचा. भला माणूस, फक्त तोंडात पान. (काथ जरा जास्त झाला, कबूल. — ब.) आण्णासाहेबांच्या पोराचा लग्नाचा पांढरा कोट, त्याची पाचही काजं गुलाबी झाली. कोट द्यायला गेलो तेव्हा मी पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, पळायला बरं पडावं म्हणून. पण आण्णासाहेबांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, काजांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, कुंकवाचं बोट लावून शिवलंय, किती जाणता शिंपी. आता नवरीकडच्यांनाही तसलीच काजं पाहिजेत. सहा कोट पडलेत मामू, आणि ती काजं बब्रुवानच्या थुंकीशिवाय होत नाहीत. हे मी मशीनला सांगतोय, कुणी अंगाला लावून घेऊ नये.

तर तिसऱ्या रोजाला दुपारी मी त्याच्या बांधावर गेलो. तो कैरी चिरून मीठ लावून खात होता. मी सवयीनं एक फोड उचलली, खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसरीला त्याचं तोंड पडलेलं बघून मला आठवलं की आपला रोजा आहे. अम्मीची शपथ, तोवर ध्यानातच नव्हतं. दोघं धावत मौलवीसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, खरोखर विसरून खाल्लं असंल तर रोजा जात नाही, वरच्यानंच खिलवलं समजायचं. माझा जीव भांड्यात पडला. पण बब्रुवाननं विचारलं, आणि जो बघतो, गप बसतो, त्याचं काय? मौलवीसाहेब हसून म्हणाले, दोस्त असंल तर त्यानं आठवण द्यावी. ते हसून म्हणाले, आणि ह्यानं ती गोष्ट गाठीला बांधली.

त्या दिवसापासून मला सुख नाही. गिऱ्हाइकाचं माप घेतोय, हा मागून म्हणतो, जैनोद्दीन, रोजा हाय. दुपारी डोळा लागला की हलवून उठवतो, रोजा हाय. एकदा बाजारात भाजीच्या पलीकडच्या रांगेतून असा काही ओरडला की हॉटेलाच्या पडद्याआड चहा पीत बसलेले आमचेच दोघं भाऊबंद कपबशा टाकून मागच्या दारानं पळाले. हॉटेलवाला अजून माझ्याकडं बघत नाही. (बशी एकच फुटली. — ब.)

आता विसाव्या रोजाचं ऐका. दर उन्हाळ्याला शेजारच्या ईट गावचे लोक बब्रुवानच्या विहिरीवर मुटक्याला येतात. मुटका म्हणजे गुडघे छातीशी घेऊन, गठळं होऊन विहिरीत पडायचं. पाणी उडून विहिरीच्या भिंतीचा खालून कितवा चिरा भिजला ते म्हातारा गोरोबा काठावर बसून मोजतो. गेली तीन सालं मान माझ्याकडं. यंदा मी नुसता बघायला गेलो होतो, काखेत कोटाची बाही, दोरा घालायची राहिलेली. ईटचा पंचाक्षरी, किराणा दुकानवाला, अंगानं इतका भरलेला की तो काठावर आला तशी खालची बेडकं गप झाली. त्यानं नववा चिरा भिजवला. आमची पोरं सहाव्याच्या वर जाईनात. आणि ईटचं कुणीतरी म्हणालं, रमजान हाय म्हणून तुमचा शिंपी वाचला.

मामू, मला काहीही म्हणा, पण रोजाच्या आड लपलो असं म्हणू नका. मौलवीसाहेबांना मी आधीच विचारून ठेवलं होतं: पाण्यात उतरायला हरकत नाही, घशात जाऊ देऊ नको. बाही बब्रुवानच्या हातात दिली, सदरा काढला, बिस्मिल्ला म्हणालो आणि झेपावलो. नाक दाबलेलं, ओठ मिटलेले, गुडघे छातीशी. असा मुटका जन्मात एकदा जमतो. आणि मी अर्ध्या हवेत असताना वरून आवाज आला, "जैनोद्दीन, रोजा हाय!" आता तुमच्या बहिणीनं मला वळण लावलंय, कुणी हाक मारली की ओ द्यायची. मी दिली. "ध्यानात हाय" एवढंच म्हणालो. त्यातल्या 'हाय'ला पाणी आलं.

दहावा चिरा भिजला, गोरोबाचं धोतर भिजलं, आणि अर्धा तांब्या पाणी माझ्या पोटात गेलं. गार होतं, गोड होतं, हे मी मौलवीसाहेबांना सांगितलं नाही. त्यांनी एकच विचारलं, पाणी जाताना रोजा आठवणीत होता का? मी विचार केल्यासारखं तोंड केलं, आणि जरा आशा वाटायला लागली होती, तेवढ्यात विहिरीवरून माझ्या मागं आलेली चाळीस माणसं एका सुरात म्हणाली, ध्यानात हाय म्हणाला की. झालं. रोजा गेला, ईदनंतर एक दिवस भरून द्यायचा, आणि त्या दिवशीही मगरिबपर्यंत, दिवस बुडेपर्यंत, तोंडात काही घालायचं नाही. तिकडं ईटवाल्यांनी हरकत घेतली की बोलत बोलत मारलेला मुटका नियमात बसत न्हाय, बोलताना छाती फुगते. गोरोबानं मान डोलावली आणि पुन्हा सामना ठरवला. म्हणजे रोजा गेला, मुटका गेला, आणि पोट होतं तसं उपाशीच राहिलं.

मग मी बब्रुवानला चारचौघांत बोललो. तोंडाला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याच विहिरीत टाक, असं म्हणालो. तो माझी बाही हातात घेऊन उभा होता. म्हणाला, मी गप बसलो असतो आणि तू विसरला असतास तर बरं झालं असतं, असंच ना? मग दोस्त कशाला ठेवलाय? मी बाही त्याच्या हातातून ओढून घेतली आणि अबोला धरला. बोललो त्याचं मला लई वाईट वाटलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. आज मशीनला सांगतोय. त्या दिवसापासून रोज मगरिबच्या आधी आमच्या भिंतीवर एक खरबूज ठेवलेलं असतं. कोण ठेवतं ते मी बघत नाही. खरबूज खातो, कारण खरबुजाशी माझं भांडण नाही. (कालचं अगोड निघालं काय? — ब. हे टेपला विचारलंय.) अगोड नव्हतं, असं मशीनला सांगून ठेवतो.

बाकी मागणं काही नाही. तुमची दुवा असावी.

तुमचा भाचा,
जैनोद्दीन

ता.क. पत्र मिटायच्या आधी बब्रुवाननं टेपला विचारलं की तो बुडालेला रोजा कधी धरायचा. मी मशीनला म्हणालो, ईद झाल्यावर कधीतरी, एकट्यानं, सगळं गाव खात-पीत असताना. त्यानं टाक खाली ठेवला. मग टेपकडं न बघता, सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, जेठातली निर्जळी एकादशी ईदनंतर आठ-नऊ दिवसांनी येते, आमची आई, विठाबाई, पाण्याचा थेंब न घेता धरते. तू तुझा धर, मी माझा धरतो. एकटा कशाला बसतोस? मी पटकन म्हणालो, पान बी चालायचं न्हाय हां. म्हणजे बोललोच की. मी सांगून बघितलं, विसरून बोललं तर अबोला मोडत नाही. तो म्हणाला, तुला ध्यानात होतं. अम्मीनं आतून शेवयांची कढई चुलीवर ठेवल्याचा आवाज आलाय, आणि हा आता एक ओळ लिहितो, एक दोरा ओला करतो. चौदा झाले.

ता.क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. ईटवाल्यांनी पुन्हा मुटक्याला यायचा दिवस मागितला होता, तो ह्यानं मला न विचारता देऊन टाकलाय, आणि तो दिवस नेमका एकादशीचा आहे. पुढं मृग लागतो, दिवस बदलता येत नाही. तेव्हा मामू, आदल्या दिवशी निघून या. काम फक्त एवढंच, मी काठावरून झेपावलो की बब्रुवानच्या मागं उभं राहून त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. गुडघ्याची सबब सांगू नका, काम हाताचं आहे.

(मामू, नक्की या. दोन्ही हात लागतील. — ब.)