राडिसावची मेणबत्ती

बेलग्राद, २ मार्च

ती. दारिंकावन्सं यांना स्टामेनाचा शि. सा. न. वि. वि.

अक्रोड, मधाची बरणी आणि आलुबुखारचा मुरंबा पोचला. टपालाचे तीनशे वीस दिनार, म्हणजे मुरंब्याहून तिकिटंच महाग. पुढल्या वेळी बसवाल्याकडे द्या.

तुमच्या भावाची झडप नीट बसली, पण त्यानंतर हृदयच चालेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते दमलंय, त्याला जरा बसू दे. म्हणून रक्त नळीनं बाहेर घेऊन मुठीएवढ्या पंपातून परत आत सोडतात. एवढंसं यंत्र, पण अख्खा माणूस धरून ठेवलाय. माणसाला ही बुद्धी देवानंच दिली, म्हणून मी रोज त्यापुढे क्रुसाची खूण करते. पुढच्या शुक्रवारी पंप हळूहळू कमी करणार. हृदयानं उचल घेतली तर ठीक, नाहीतर पुढे उपाय नाही.

रविवारी इस्पितळात तुम्ही यांचा हात धरलात आणि न बोलता निघून गेलात. माझं काही चुकलं का?

लोभ आहेच, तो राहू द्या.
स्टामेना

याब्लानोव्हो, ७ मार्च

चि. सौ. स्टामेनास अनेक आशीर्वाद.

तुझं काय चुकणार, पोरी. पण गावात कुणी गेलं की मनगट बघायला मलाच बोलावतात. राडिसावच्या दोन्ही हातांना नाडी नव्हती. ऊब होती, ती यंत्राची. तुला सांगायला धीर झाला नाही. देवळात त्याची मेणबत्ती मी खालच्या ताटात लावते, गेलेल्यांच्यात. काळे कपडे काढून ठेवलेत. आता त्याला सोड.

तुझी दारिंका

बेलग्राद, १५ मार्च

ती. वन्सं यांना सा. न.

पत्र वाचून रडले, मग तुमचा राग आला, मग हसू आलं. अहो, तो पंप ठोके देत नाही, ओढ्यासारखा एकसारखा वाहतो. मनगटाला लागणार काय? पहिल्या दिवशी मीही घाबरले होते.

शुक्रवारी पंप कमी करत आणला. बाईंनी माझी बोटं यांच्या मनगटावर ठेवली. बराच वेळ काहीच नाही. मग अंड्यातून पिलानं टोचावं तसं एकदा लागलं. मग परत. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई, पण बाहीनं डोळे पुसत होत्या.

आज नळ्या निघाल्या. यांनी पहिलं विचारलं, दारिंकाताईनं द्राक्षवेल छाटली का? तुमच्या मेणबत्तीचं सांगितलं, तर घोगऱ्या आवाजात म्हणतात, ताईला मला पोचवायची पहिल्यापासून घाई.

काळे कपडे पेटीत टाका. मेणबत्ती वरच्या ताटात लावा, जिवंतांच्यात. या वेळी मोठी घ्या, पैसे मी देते. आणि वर लावली, एवढं उलट टपाली कळवा.

तुमची
स्टामेना