चारनंतर यावे

साखरा, मुक्काम शाळेची खोली
२६ मे १९७९

ती. भागूअक्कास,

धाकट्या पद्माचा सविनय जय भीम. ती. दाजींनाही जय भीम, कारण पत्र तुझ्या नावाचं असलं तरी वाचून दाखवणार तेच. (दाजी, कंसातलंही वाचायचं. मागच्या पत्रातले कंस तुम्ही गाळलेत, हे मला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका.)

तुझी तब्येत कशी आहे? चैत्रात तू विहिरीवर भरल्या घागरीसकट चक्कर येऊन पडलीस आणि वाशीमच्या डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला. त्या आरामाचं पुढे काय झालं, याची मला रोज काळजी वाटते. दाजींचं कार्ड आलं. त्यात लिहिलंय, ‘आराम चालू आहे, काल पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकटीनेच केला, काही तकलीफ नाही.’ मी ते कार्ड तीनदा वाचलं, मागून पुढूनही पाहिलं. त्यात आराम काही सापडला नाही. पण तो विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलंय. हे पत्र फक्त माझ्या खुशालीचं आहे.

तर मी खुशाल आहे, आवाज तेवढा गेला होता. मी प्रौढ शिक्षणाची शिबिरं घेते हे तुला माहीत आहेच. गावातल्या बायका जमवायच्या, त्यांना अक्षरं शिकवायची आणि पाणी, दुखणी, लेकरंबाळं यांवर बोलतं करायचं. (बोलतं त्यांना करायचं असतं, बोलते मीच.) फेब्रुवारीपासून पाच गावं झाली. परभणीचे साहेब विचारतात, ‘जमेल ना?’ आणि माझं तोंड मला न विचारताच ‘हो’ म्हणून मोकळं होतं. साखऱ्याला उतरले तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. पहिल्या सकाळी कसाबसा प्रश्न विचारला, ‘उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?’ आणि नेहमीप्रमाणे उत्तरही आपणच द्यायला गेले, तर आवाज फुटेना. गप्प उभी राहिले. समोर तीस बायका, त्याही गप्प. मग कोपऱ्यातली सोजराबाई, साठीची, तोंडातलं पान बाजूला सारून बोलायला लागली. मग दुसरी, मग चौघी एकदम. तासभर मला कोणी विचारलं नाही. उठताना सोजराबाई म्हणाली, “बाई, आज तुमी लई चांगलं शिकवलं.” मी एक अक्षर बोलले नव्हते. या एका वाक्याने मला जितका आनंद झाला तितकंच वाईटही वाटलं, कारण आधीच्या पाच गावांतल्या बायका मला आठवल्या. त्यांना काही सांगायचं होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही.

वर्ग सकाळी आणि चारनंतर. मधली दुपार माझी, असा माझा समज होता. जरा डोळा लागला की कडी वाजायची. एकीला पुण्याच्या पोराला पत्र लिहून हवं, एकीला राकेलचा अर्ज, एकीच्या टाचेत काटा. एक सासू सुनेला समजवायला घेऊन आली, तर सून म्हणाली, आधी हिलाच समजवा. नाही म्हणायचं वळण माझ्या जिभेला नाही. आपल्या घरात ते कोणालाच नाही, आईपासून. म्हणून मी तोंडाने न बोलायचा मार्ग काढला. एक पाटी घेतली, तिच्यावर छान ठळक लिहिलं, ‘आता विश्रांती. चारनंतर यावे’, आणि ती दाराला बाहेरून अडकवून आत आडवी झाले.

अक्का, तू हसलीच असशील. (दाजी, तिचं हसणं होऊ द्या, मग पुढे वाचा.) ज्यांना वाचता येत नाही म्हणून सरकारने मला इथे धाडलं, त्यांच्यासाठी मी पाटी लिहिली! पाच मिनिटांत कडी वाजली. सोजराबाई. “बाई, पाटीवर काय लिवलंय?” मी सांगितलं. “मंग निजा की. म्या कुठं नगं म्हनते,” असं म्हणून ती आत येऊन भिंतीला टेकून बसली, माझी झोप बघायला. तिच्या मागून रूपाबाई आली. तिला वाटलं, रेशनची साखर आल्याची पाटी आहे, म्हणून ती पिशवी घेऊनच आली होती. पूर्वी दुपारी चारपाच जणी यायच्या, त्या दिवशी अकरा आल्या. नऊजणी पाटी विचारायला आणि दोघी, एवढ्या जणी कशाला जमल्या ते पाहायला.

मग मी चिडले. संध्याकाळच्या वर्गात पुस्तक मिटून ठेवलं आणि तीच पाटी समोर उभी केली. पुस्तकात जोडाक्षरं शेवटी येतात, साहेबांना कळलं तर रागावतील. पण ‘विश्रांती’ हा शब्द त्या बायकांनी चार दिवसांत असा उचलला की ‘कमळ’ आणि ‘घर’ मागेच राहिले. पाचव्या दुपारी कोणीही आलं नाही.

आता खरं सांगते. मला झोप लागली नाही. या कुशीवरून त्या कुशीवर झाले, कडीकडे कान लावून बसले, तीन वाजता उठून स्वतःच दार उघडून बाहेर पाहिलं. सगळीकडे सामसूम. मला चक्क राग आला. चार दिवसांत विसरल्या मला! तेव्हा उमगलं की बायका मला सोडत नाहीत ही अर्धीच गोष्ट होती. त्यांनी यावं, माझ्यावाचून कोणाचं पान हलू नये, हे मलाच हवं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

चपला घालून गल्लीत गेले. सोजराबाईचा नवरा रामजी स्वतःच्या घराच्या ओट्यावर उन्हात बसला होता. म्हणाला, “हे दारावर काय लिवून ठिवलंय बाई? च्या मागितला तर आतून म्हनून राहिली, वाचून घ्या.” दारावर चुन्याने, मोठ्या वाकड्या अक्षरांत, माझंच वाक्य. शेजारच्या दारावरही तेच. पलीकडे रूपाबाईच्या दारावर ‘विश्रांती’ एवढंच, पुढे चुना संपला असावा. मी रामजीसाठी कडी वाजवली. आतून सोजराबाई ओरडली, “कोन हाय? वाचता येत न्हाई काय?” मी म्हटलं, मी पद्माबाई. “मंग तुमाला तर बराबर येतंय की!” दार उघडलं नाही. रामजी मला हळूच विचारतो, “चारला किती येळ हाय?” मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसून पोट धरून हसले, आणि मग का कोण जाणे, रडले. चाळीस वर्षांच्या संसारात ती बाई पहिल्यांदा दुपारची आडवी झाली होती आणि मला तू दिसत होतीस.

आता गावातले पुरुषही शिबिर मागून राहिलेत. दारांवर काय लिहिलंय ते त्यांना वाचायचंय. साहेबांचा निरोप आला की पुरुषांचं शिबिर इथे लगेच घ्या आणि पुढच्या सोमवारी औंढ्याला जा. मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘जूनभर जमणार नाही.’ खाली कारण लिहायला गेले, मग लिहिलं नाही. तसंच टपालात टाकलं.

बाकी सर्व ठीक. शेजारच्या पारुबाईंना जय भीम. लेकरांना पापा.

तुझीच,
पद्मा

ता. क. जून मी मोकळा ठेवला तो तुझ्यासाठी. तू महिनाभर हिंगोलीला माझ्याकडे ये. स्वयंपाक मी करेन, वाईट करेन, तू बोलायचं नाहीस. लहानपणी माझ्या वाटचं शेण तू थापलंस आणि मला शाळेत धाडलंस. त्या वेळी घरातून एकीलाच जाता येणार होतं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण एक दिवस विसरले नाही.

ता. क. २. दाजी, वरचं सगळं तुम्ही स्वतःच्या तोंडाने अक्कासमोर वाचलंय, आणि मला ठाऊक आहे, पारुबाईही उंबऱ्यात बसून ऐकत असतील. तेव्हा आता पत्र पोचलं नाही असं म्हणता येणार नाही. एक तारखेला सकाळी तिला कनेरगाव नाक्यावर गाडीत बसवून द्या. मी स्टँडवर उभी असेन. नाक्यावरच्या मंडळींना रोज घरी चहाला आणता, त्यांना महिनाभर नाक्यावरच पाजा.

ता. क. ३. पाकिटात वेगळा कागद आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ आहे. ती वाचून दाखवू नका. ती अक्काने स्वतः वाचायची आहे. ज्या दिवशी वाचेल, त्या दिवशी मी तिला परतीच्या गाडीत बसवून देईन. आणि दाजी, मी हल्ली फार सावकाश शिकवते.