चौथी खाच

प्रिय सिद्धेश,

'प्रिय' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात तशी करायची असं चौथीच्या बाईंनी शिकवलं होतं, आणि त्यापुढे मी शाळेचं तोंड बघितलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "आजी, आवाज तुटतोय" म्हणतोस आणि मग तूच तोडतोस. कागद फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशील. दोन दिवस लिहितेय. दुपारी लिहिते, उजेड असतो तोवर.

काजूला मोहर बरा आहे. माडावरचे नारळ माकडांनी खाली पाडले, तेवढेच उतरले म्हणायचं. तुझे आईबाबा म्हापशाहून शिगम्याला आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. तुझी खोली मी झाडते, पण टेबलावरचा तो कंप्युटरचा डबा तू चादर घालून गेलास तसाच होता. होता म्हणते, कारण गेल्या गुरुवारी ती चादर निघाली. ते सांगायचंच आहे, पण आधी मागचं.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस तू वेगवेगळ्या खोक्यांतून सामान आणून तो कंप्युटर जोडत होतास. विकत आणलेला नव्हे, स्वतः बांधलेला, हे तू मला चारदा ऐकवलंस. पुण्याच्या कंपनीचं घरांचे नकाशे रंगवायचं काम मिळालं होतं, इथंच बसून करायचं. तू गावात राहणार म्हणून मी कोणाला काही बोलले नाही, पण त्या आठवड्यात दोनदा घावणे केले, ते उगाच नव्हते. सगळं बसवून झालं, फक्त मेमरीच्या दोन पट्ट्या यायच्या होत्या. त्या ब्लेझ आणणार होता, त्याच्या वेंगुर्ल्याच्या दुकानातून. शेजारच्या डोरथीचा ब्लेझ, ज्याच्याबरोबर तू लंगोटात असल्यापासून आमच्या दगडी गडग्यावरून उड्या मारल्यास.

पट्ट्या आल्या त्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. मी दारातच होते. पाकीट फोडलेलं होतं. ब्लेझ म्हणाला, दुकानात लावून बघितल्या, चांगल्या आहेत. आत पट्ट्यांसाठी चार खाचा होत्या. एक पट्टी दुसऱ्या खाचेत बसली, खट्‌ झालं. दुसरी चौथ्या खाचेत. तिला त्याने अंगठ्याने जोर लावला. एक बाजू बसली, दुसरी बसेना, पुन्हा दाबली तेव्हा कुठे आवाज आला. मशीन सुरू झालं तेव्हा तुम्ही दोघे लहान पोरांसारखे ओरडलात.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. काम अर्ध्यावर आलं की निळी पाटी, आणि सगळं परत पहिल्यापासून. विंडोज दोनदा पुसून घातलंस. मेमरीचा वेग कमी करून पाहिलास. मग ती चाचणी लावलीस, जिच्यात चूक सापडली की लाल ओळी पडतात. पडद्यावर लाल ओळी उतरत होत्या. एकेक पट्टी काढून पाहिलीस. दुसऱ्या खाचेतली एकटी लावलीस, लाल काही नाही. चौथ्या खाचेतली तिथेच एकटी ठेवलीस, लालच लाल. एका पट्टीवर मशीन चालायचं, पण तुझ्या नकाशांना तेवढ्याने भागत नव्हतं. तू म्हणालास, ही पट्टी खराब आहे, पाकीट फोडलेलं होतं, ब्लेझने वापरलेला माल खपवला. पट्ट्यांची अदलाबदल करून बघायचं तुला सुचलं नाही. राग आला की तुझ्या आजोबांनाही काही सुचत नसे.

ब्लेझ दारात आला, म्हणाला, डबो दुकानात घेवन ये, मी तपासतंय. आणि तू म्हणालास, "तुझ्या हातात डबो देव? आणखी काय काढून घेतलंस तर?" मी आत खोबरं किसत होते. मला ऐकू आलं. त्याच संध्याकाळी तू गावच्या ग्रुपवर लिहिलंस आणि नेटवर दुकानाच्या नावापुढे पाचातली एकच चांदणी दिलीस. एक चांदणी म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. शाळेने कंप्युटर दुरुस्तीचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. तिठ्यावरचे लोक त्याला विचारायला लागले, रे ब्लेझा, माझ्या मोबाइलातला काय काढलंस? हसत विचारायचे. हसत विचारलेलं जास्त लागतं. तुझं काम वेळेत झालं नाही, कंपनीने दुसरा माणूस घेतला, तू डबा टाकून पुण्याला गेलास. चार जणांत एक खोली, असं तुझी आई सांगते.

मग डोरथी आली. तू गेल्यावर पंधरा दिवसांनी, सकाळी. गडग्याच्या पलीकडेच उभी राहिली, आत आली नाही. एवढी वर्षं ती बाई विचारल्याशिवाय आत येऊन माझ्या चुलीवरचं झाकण उघडून बघायची. म्हणाली, "वैनी, तुझ्या नातवाक सांग गो, माझो झील ब्लेझ चोर नाय. तू सांगलंस तर तो आयकतलो." मी म्हटलं, "मशीनीतला माका काय कळता?" तिने गडग्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "बरा," आणि गेली. त्यानंतर ती गडग्याकडे आली नाही. जानेवारीत गेली. साखर होती, पायाची जखम चिघळली होती, तुझ्यामुळे किंवा माझ्यामुळे मेली असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस, उगाच रडायला निमित्त नको. मातीला मी गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. त्याच दिवशी विहिरीवरून सहा कळश्या पाणी आणलं.

गेल्या गुरुवारी ब्लेझ आला. काळा शर्ट, दाढी वाढलेली. "आजये, सिद्धेशाचो डबो आसा मा? एकदा माका बघूक दी." मी चादर काढून दिली. चहा ठेवला, तो निवून साय धरेपर्यंत त्याने हात लावला नाही. सकाळी बसला तो दिवेलागणीला उठला. दोन्ही पट्ट्या काढल्या, चौथ्या खाचेतली एकटी दुसऱ्या खाचेत घातली, चाचणी लावली. स्वच्छ. मग ती काढून, तू चांगली ठरवलेली पट्टी चौथ्या खाचेत घातली. लाल. पट्ट्या दोन्ही चांगल्या, खाच वाईट. एवढंच होतं. मग मोबाइलची बॅटरी लावून खाचेत बघितलं, आणि टाचणीने काहीतरी हळूहळू उकरून काढलं. माझा हात ओढून तळव्यावर ठेवलं. तांदळाचा दाणा, अर्धा चेपलेला, लाल.

खंडेनवमीला तू झेंडूची फुलं आणायला गेला होतास. मी खोबरं किसायचा आडाळो पुजला, कोयता पुजला, तुझ्या बाबांची जुनी स्कूटर पुजली. तुझा डबा एका बाजूने उघडा होता. हात लावू नकोस असं तू बजावलं होतंस. आणि त्याच्या आदल्या दिवशी ब्लेझला हसत सांगितलं होतंस, "आमची आजी ह्याकापण कुंकू लावतली, बघ." दोघे खदाखदा हसलात. मी ऐकलं होतं. तरी लावलं. नवी वस्तू घरात आली आणि तिच्यावर अक्षता पडली नाही, हे माझ्या घरात होत नाही. अक्षतेचे दोन दाणे आतल्या चौथ्या खाचेत पडले. एक मी केसांतल्या आकड्याने काढला. दुसरा आत गेला, निघेना. तुझी पावलं ऐकू आली, मी कुंकू पुसलं आणि बाजूला झाले.

म्हणजे पट्टी बसेना तेव्हा मला ठाऊक होतं. लाल ओळी पडत होत्या तेव्हा ठाऊक होतं. तू त्याला चोर म्हणालास तेव्हा मी खोबरं किसत होते, आणि किसतच राहिले. डोरथी गडग्याशी उभी होती तेव्हा तर पुरतंच ठाऊक होतं. तू ओरडशील याची मला भीती नव्हती. तू हसशील, याची होती. सगळ्या गावात सांगत सुटशील, आजीने खरंच कुंकू लावलं. तेवढ्यासाठी मी तो पोर चोर ठरू दिला.

ब्लेझने खाच पुसली, दोन्ही पट्ट्या बसवल्या. एकेक खटका, जोर न लावता. चाचणी पुन्हा लावली, एकही लाल ओळ नाही. जाताना पायरीवर थांबला आणि एवढंच विचारलं, "आजये, मायन तुका इचारल्यान मा?" मी होय म्हटलं. तो मान हलवून गेला. गावात त्याने कोणाला काही सांगितलेलं नाही, आठ दिवस मी कान लावून आहे. दुकानाची पाटी उतरवलीय. पंचवीस तारखेला बोटीवर कामाला जातोय, मुंबईहून. कधी परत येईल, येईल की नाही, हे विचारायचं तोंड मला नाही.

म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही. ज्या बाईकडे मागायची ती गडग्यापलीकडे नाही, आणि तुझ्याकडे मागण्याइतका तू शहाणा नाहीस. पंचवीसच्या आत ये आणि त्याच्या दारात उभा राहा. तो दार लावून घेईल, तरी उभा राहा. ती एक चांदणी काढ. आणि ज्या ग्रुपवर तू त्याला चोर लिहिलंस, तिथेच लिही की पट्टी चांगली होती, दाणा आजीचा होता, आणि म्हातारीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते शेवटचं गाळू नकोस. आजी म्हणून लिहू नकोस, तुळसाबाई सोमा आरोलकर असं पुरतं नाव लिही, नाहीतर लोकांना वाटेल कोणाची तरी आजी. दाणा सोबतच्या पुडीत आहे. सांडू नकोस, फोटो काढायला लागेल.

तुझीच,
चौथ्या खाचेबद्दल तुला न सांगणारी,
आजी