घरभरणीचा उपास

माघ वद्य षष्ठी, केदारखेडा

गावकुसाबाहेरच्या सखूबाईचं घर आज उभं राहिलं. भिंती आम्हीच लिंपल्या, छपरही आम्हीच शाकारलं. मंग आमच्या मंडळाचे पुढारी, वकीलसाहेब, तहसीलदारांसमोर "आपण सगळे एक" म्हणून बोलत सुटले. तेवढ्यात सखूबाई तांब्याभर गूळपाणी घेऊन आली.

"बाई, आज उपास आहे," वकीलसाहेब म्हणाले.

झालं! जालन्याहून आलेल्या झाडून सगळ्यांना उपास लागला. मी छपरावर दोऱ्या आवळत होतो, वरून सगळं दिसलं. तिचं घर लिंपलेलं चालतं, तिच्या हातचं पाणी बिलकुल चालत न्हाई. तांब्या भरलेलाच परत गेला. आणि तासाभरात हेच लोक पाटलाच्या ओसरीवर पुरणपोळ्या हाणत होते. मीपण त्यांच्यातच. थू!

विळा विसरला म्हणून दिवेलागणीला परत गेलो. नव्या घरातली चूल थंड होती. शेजारी तो तांब्या, तसाच भरलेला.

म्हटलं, "घरभरणीच्या दिवशी स्वैपाक न्हाई केला?"

सखूबाई म्हणाली, "माझ्या घरापायी तुमी समदे उपाशी राबलात, मालक. मंग मी कशी जेवू?"

राखेनं हात घासले. बोटांचा तुपाचा वास जात न्हाई.