आक्का रिकाम्या हातानं गंगेवर

गुरु. ५ फेब्रु.

तीन दिवसांची सुट्टी खरी काय भावाला पडली, त्याचा आज हिशोब लावला. एका पार्टीला सांगितलं, अंबडच्या वर्कशॉपमधलं मोठं लेथ बंद आहे. दुसऱ्याला सांगितलं, मी मुंबईत आहे. तो म्हणाला, शेठ, मुंबईत अंबडचा भजीवाला कसा ओरडतोय? फोरमन सलीमला ईदला जोडून जास्तीची रजा कबूल केली. आणि सौ.ला शब्द दिला, जेवताना फोन हातात घेणार नाही. हा शेवटचा सगळ्यात महाग. बाकी डिझेल, हॉटेलं, ते चालायचंच.

उद्या आक्का आणि बबन येताहेत. तिघं भावंडं मिळून नुसतं फिरायला जाणं, हे आयुष्यात पहिल्यांदा.

आई गेली तेव्हा आक्का तेरा वर्षांची, मी सात, बबन तिच्या कडेवर. तिनं वाढवलं. लग्नसुद्धा गावातच केलं, आम्हाला सोडून लांब जायला नको म्हणून. आता सहासष्ट. दाजी गेल्यापासून चांदवडकडच्या त्या घरात एकटी. बबन मळ्यात राहतो, गावापासून लांब. दिवाळीनंतर मोरीत घसरली, सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून. तेव्हापासून डोक्यात एकच. तिनं इथं नाशकात यावं, कायमचं. गंगापूर रोडच्या घरात पूर्वेची खोली रंगवून तयार आहे. फिरणं हे निमित्त.

सौ. म्हणाली, बहिणीला फिरवताय की सॅम्पल दाखवताय? मी म्हटलं, दोन्ही.

शुक्र. ६

दुपारी बबनच्या पिकअपमधून आले. आक्काच्या पिशवीत तीन दिवसांच्या दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सौ. जरा हिरमुसली. आक्का तिला म्हणाली, "तुझ्यासाठी नाय गं, वाटेत गाडी बंद पडली असती तर?" बबनची गाडी बघता बरोबर होतं.

घर बांधून अकरा वर्षं झाली आणि आक्का आज पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. बाहेरच्या कुणाला हे पटणार नाही. वास्तुशांतीला तिच्या सासरी सुतक होतं. आणि त्याआधी-नंतर ती नाशकात आली ती चार वेळा, चारही वेळा अस्थी घेऊन. आई, आप्पा, तिची सासू, दाजी. आमच्याकडे रीत अशी: रामकुंडात अस्थी सोडल्या की अंघोळ करायची, पाठ फिरवायची, मागे वळून बघायचं नाही, आणि वाटेत कुणाच्या दारात न थांबता थेट घर गाठायचं. भावाचं घर असलं तरी नाही. दाजींच्या वेळी मी नाक्यावर उभा राहून जीपमध्ये चहाची किटली दिली होती. खाली कुणी उतरलं नाही.

सगळं घर बघितलं तिनं. गीझरच्या नळाखाली बोट धरून म्हणाली, "आलं की रे लगेच." पूर्वेच्या खोलीत बराच वेळ उभी होती. गिऱ्हाईक माल बघत असताना बोलायचं नसतं.

संध्याकाळसाठी मी मॉल ठरवला होता. आक्का म्हणाली, गंगेवर जाऊ, रामकुंडाला. बबन चपापला. चांगलं फिरायला निघालोय, आणि तिथं?

"आज हातात काय नाय," आक्का म्हणाली. "आज नुसती बघते."

कुंभाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत. मला नाशकात रस्ता विचारावा लागत नाही हे सांगता सांगता त्याच बॅरिकेडपाशी तीनदा पोचलो. शेवटी गाडी लावून पायी.

आरतीची वेळ होती. रामकुंडाच्या पायऱ्यांवर गर्दी, दिवे, ओल्या कपड्यांचा नि कापराचा वास. आक्का कठड्याला धरून उभी. पाण्याकडे नाही, आधी सगळीकडे बघत होती. वर, पलीकडच्या काठावर, पुलाकडे, देवळांकडे. म्हणाली, एवढं मोठं हाय होय हे. मला वाटायचं एक हौद हाय. चार वेळा आली आणि तिला फक्त पायाखालची पायरी आणि हातातलं मडकं दिसलं होतं. मी आरतीच्या घंटा ऐकत होतो; एका घंटेला बारीक तडा आहे, कळतो. पण आज तेही बरं वाटलं.

निघालो. चार पावलं गेल्यावर आक्का थांबली आणि मागे वळून बघितलं. बबननं तिचा दंड धरला, सवयीनं. "असू दे," ती म्हणाली. परत चार पावलं, परत मागे वळून. असं करत गाडीपर्यंत. लोक बघत होते. शेवटी मीही वळलो. पाण्यात सगळे दिवे उलटे. काय लिहू.

शनि. ७

सकाळी मिसळ. मोठं बागेतलं हॉटेल, झोपाळे, बाहेर गाड्यांची रांग. टोकन घेऊन उभे. आक्का विचारते, आत काय मिळतं? म्हटलं मटकी. "मटकी खायला मोटारीनं येतेत?" दुष्काळात तिनं आम्हाला इतकी मटकी खाऊ घातलीय की बबनला बघूनच हसू फुटलं. पण ताट आलं, सोबत पापड, दही, रस्सा हवा तेवढा. तिनं बोट लावून तर्री चाखली. म्हणाली, लाल लय हाय, तिखट नाय, पण वास आपल्या घरचा हाय. मग माझ्या ताटातला पापडही खाल्ला. बबननं रस्सा इतक्यांदा घेतला की दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला होता. निघताना वेटरला आक्कानं पिशवीतली दशमी दिली. नको नको करत घेतली त्यानं.

मग पांडवलेणी.

वर्कशॉपच्या गेटातून हा डोंगर रोज दिसतो. भावंडांना कालच सांगून ठेवलं होतं, लेणी काय, माझ्या पायाखालची. पायऱ्या चढताना दम मलाच लागला, आक्का पदर खोचून पुढे. वर आल्यावर मी ऐटीत डावीकडे वळलो. गेलो तर अर्धवट सोडलेली खोबणी, वटवाघळांचा वास, पुढे वाट नाही. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नामा, तू हितं कधी आलाच नाय."

बबन एवढा हसला की त्या बसलेल्या आवाजातूनही ऐकू आलं. सत्तावीस वर्षं पायथ्याशी धंदा केला, चढलो नाही. कधी माल निघायचा होता, कधी लाइट आली होती.

उजवीकडे गेलो. मोठं लेणं. खांब, वर कमान, शेवटी गोल स्तूप. मी आयुष्यभर लोखंड कापलं. आमचं चुकलं तर वेल्ड मारतो, परत घासतो. इथं ज्यानं छिन्नी लावली त्याला परत जोडायला काही नव्हतं. काढलं ते काढलं. आणि सगळे खांब एका ओळंब्यात. मी एकाला हात लावला, मग दुसऱ्याला, मग वेड्यासारखा सगळ्यांना.

गर्दीची एक ट्रिप बाहेर गेली आणि आत आम्ही तिघंच. आक्का सहज "ओ आप्पा" म्हणाली, जसं मळ्यातून हाक मारायची तसं, पण हळू. आवाज गेलाच नाही. खांबांत फिरला, वर गेला, बारीक होत होत कमानीत राहिला. बबन आणि आक्कानं बोलायला सुरुवात केली तरी मला तो ऐकू येत होता. हे कान आहेत म्हणून पोट भरलं माझं, बेअरिंग जायच्या आधी आठ दिवस ऐकू येतं. पण असलं काही ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर खाली सगळं अंबड. निळे पत्रे, निळे पत्रे. आक्का म्हणाली तुझा कुठला? शोधला. सापडला नाही.

रवि. ८

सकाळी चहाला उठलो तर आक्का आणि बबन गॅलरीत बोलत बसलेले. मी खोलीत होतो, दार लोटलेलं. कान माझे, काय करू. आक्का म्हणत होती, "असं सुख मला कुठं नाय लागलं बबन. डोळे भरून गेले. तुमचे दाजी असायला पाहिजे होते." बबन काहीतरी पुटपुटला, ते कळलं नाही. चहा घेऊन बाहेर गेलो तर दोघं कांद्याच्या भावावर.

दिवसभर धरणाच्या बाजूला. द्राक्षाचे मळे, मग वायनरी. आक्कानं द्राक्षाचा रस घेतला. बबनला वाइनचे पाच छोटे ग्लास दिले. तिथली पोरगी सांगत होती, आधी हलवा, मग वास घ्या, मग थोडंसं तोंडात घोळवा. तो म्हणाला, ताई, हे आम्ही कांदा घेताना करतो, फक्त पीत नाय. पाचव्या ग्लासानंतर त्याला सगळेच ग्लास एक नंबरचे वाटले. आक्का टेकडीवरून धरणाकडे बघत होती. पाणी पार क्षितिजाला. "ह्येच तिकडं कुंडात येतं?" म्हटलं हो. "मग आई-आप्पाबी हितूनच गेले म्हणायचे." मी म्हटलं, नाही, कुंड खाली आहे, ते पुढं गेले, हे मागचं पाणी. ती म्हणाली, बरं. जरा वेळानं म्हणाली, मागचं लय हाय की.

रात्री हॉटेलात थाळी. तिनं पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. सौ.सुद्धा खूश, फोन मी खरंच हातात घेतला नाही.

एकूण, माझा अंदाज: ठरलं. आक्का राहणार. गिऱ्हाईक चपला काढताना काय आवाज करतं यावरून मला कळतं ते घेणार की बघून जाणार. उद्या विचारतो. बबनला एकट्यालाच परत पाठवू.

सोम. ९

नाश्त्याला विचारलं. खोली बघितलीस, डॉक्टर जवळ, सौ. आहे. मोरीतलं पडणं आठव.

आक्कानं पोहे संपवले, मग बोलली.

"नामा, मी हितं बघाया आले म्हणून मला दिसलं. तू तीस वर्सं हितं राहतो. तुला काय दिसलं? मी राहाया आले की मलाबी भाजी नि गॅस दिसंल."

म्हटलं, आणि परत पडलीस तर?

"पडंल." मग बशी बाजूला सारून, "भ्या मला बी वाटतं रे. रात्री मोरीत जाताना भिंत धरती मी." हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. बबन ताटात बघत होता. त्यालाही माहीत नसावं.

शेवटी म्हणाली, बघू.

पिकअप कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मागे वळून बघत होती, हात खिडकीबाहेर काढून.

सौ. म्हणते, नाही म्हणाली ती. मी म्हणतो, नाही म्हणायचं असतं तर बघू कशाला? आमच्या धंद्यात बघू म्हणजे ऑर्डर, फक्त ॲडव्हान्स बाकी. महिन्याभरात येते बघा. आणि एकटी येणार कशी? आक्काला नाशकात माझ्याशिवाय रस्ता ओलांडता येत नाही. इथल्या द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत माझा शर्ट धरून होती. मीच आणायला जाईन.

शुक्र. २०

मोरीत धरायला स्टीलचे कठडे केले, दोन. एक पूर्वेच्या खोलीच्या बाथरूमला. दुसरा सलीमबरोबर गावी पाठवला, त्यानं जाऊन भिंतीत बसवून दिला. आक्काचा फोन: चांगला हाय, गार लागतो हाताला. येणार कधी विचारलं तर हरभरा काढायचाय.

तिला म्हटलं, आक्का, हरभरा दरवर्षी असतो. म्हणाली, मग?

सोम. २ मार्च

फोन लागला नाही. बबन म्हणाला तिचा मोबाइल चार्जिंगला शेजारी असतो. पूर्वेच्या खोलीत सौ.नं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या, काढायला लावल्या.

दुपारी गेटात उभा होतो. डोंगराकडे बघितलं. एक ट्रिप वर चढत होती, रंगीत ठिपके. पाच मिनिटं बघत राहिलो. सलीम म्हणाला शेठ, काही झालं का?

बुध. ११

बबनचा फोन, पंपाची मोटर जळली म्हणून. बोलता बोलता म्हणाला, परवा आक्का तिकडंच होती की, तुला भेटली नाय? गावातल्या सहा बाया घेऊन आली होती, अर्ध्या तिकिटावर. गंगा दाखवली, लेणी दाखवली, मिसळ खाऊ घातली. द्वारकेचा चौक सगळ्यांना तिनंच ओलांडून दिला. सकाळच्या एसटीनं आली, पाचच्या एसटीनं गेली.